गाळल्या गेलेल्या पानासाठी पिंपळीला

बारामतीला माणसं लग्नाला जातात, सोयरीक बघायला जातात, कारखान्यात कुणाची ओळख निघते का ते बघायला जातात. मी नव्याण्णव सालच्या मार्चमध्ये गेले ती एका गुरांच्या डॉक्टरांपुढं आपली चूक कबूल करायला. एस.टी.त बसताना वाटत होतं, गाडी बंद पडावी. पडली नाही. त्याबद्दल आज मला बरं वाटतं.

आधी थोडं सांगायला हवं. मी तेव्हा पुण्यात घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर टाकून लोकांना वेबसाइट करून द्यायचे. शेजारणी आईला विचारायच्या, "मेधा काय करते हो?" आई सांगायची, "टायपिंग." एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न टळायचे.

डॉ. अशोक साळवे माझ्याकडं आले ते पिंपळीहून, हातात गुंडाळलेले कागद घेऊन. उसाच्या टायरगाड्या ओढणाऱ्या बैलांचे खांदे जुवाखाली सोलवटतात, सुजतात, पिकतात. खांदेसूज म्हणतात त्याला. डॉक्टरांनी जुवाखाली बसवायची एक गादी तयार केली होती. तिची चित्रं जगाला दाखवायची आणि खाली एवढंच विचारायचं होतं, 'तुमच्याकडं बैल जुंपतात का? तुम्ही काय करता?' आम्ही इंग्रजीत एक साधं पान केलं. तळाशी आकडा ठेवला, पान किती वेळा उघडलं ते मोजणारा. पत्रं माझ्या ई-मेलवर यायची. मी ती छापून टपालानं पिंपळीला पाठवायची, डॉक्टर आंतर्देशीय पत्रावर उत्तर लिहायचे आणि मी ते टाइप करून परत पाठवायची.

पहिल्या महिन्यात आकडा जेमतेम हलला. मला लाज वाटली. मग मी एक युक्ती केली. सर्च इंजिन म्हणजे पानामागून पान वाचत जाणारा आणि कुठल्या पानात कुठले शब्द आहेत याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. शब्द जास्त वेळा आला की पान यादीत वर जायचं. म्हणून मी पानाच्या खाली बैल, गाय, जू हे शब्द शेकडो वेळा लिहिले. तेवढ्यावर थांबले नाही. सिनेमा, क्रिकेट, फुकट गाणी असले लोक हमखास शोधतात ते शब्दही घातले. पानाचा रंग सायीसारखा होता, अक्षरंही सायीच्याच रंगाची केली. माणसाला दिसायची नाहीत, यंत्राला वाचता यायची. शिवाय तेच पान यादीत घ्या म्हणून मी दिवसातून चारचारदा अर्ज भरायची.

आकडा पळायला लागला. डॉक्टरांनी लिहिलं, 'मेधाताई, एवढ्या लोकांना बैलाची काळजी आहे हे वाचून माझ्या बायकोच्या, सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं.' ते पत्र मी दोनदा वाचलं नाही.

जानेवारीत आकडा थांबला. मी पानाचं नाव शोधून बघितलं तर पान यादीत कुठंच नव्हतं. पाचशेव्या जागीसुद्धा नव्हतं. सर्च इंजिनवाल्यांना लिहिलं तेव्हा ठरावीक उत्तर आलं, की लपवलेले शब्द घालून फसवणारी पानं आम्ही काढून टाकतो, दुरुस्त करा आणि पुन्हा अर्ज करा. मी हे डॉक्टरांना कळवलंच नाही. नुसती चालढकल केली. मग मार्चच्या सुरुवातीला त्यांचं पत्र आलं. 'दोन महिने आकडा हलला नाही. लोकांना आपलं काम नको असावं. पान बंद करा. मीही गाद्यांचा प्रयोग थांबवला आहे.'

हे वाचल्यावर टपालानं माफी मागणं मला जमेना. तिसऱ्या दिवशी मी निघाले.

पहिला दिवस : पिंपळी

बारामतीला गाडी बदलून इंदापूरच्या एस.टी.त बसले. कंडक्टरनं पिंपळीच्या फाट्यावर उतरवलं आणि हातानं रस्ता दाखवला. त्या हाताच्या दिशेला तीन रस्ते होते. मी नेमका चुकीचा धरला आणि अर्धा तास उसातून चालत राहिले. ऊस लांबून बघायला फार देखणा. जवळून त्याची पात हाताला सुरीचं पातं लागावं तशी लागते. साळव्यांच्या दारात पोचले तेव्हा दोन्ही हातांवर बारीक लाल रेघा उठल्या होत्या.

दारात लिंबाखाली बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोक्याला पांढरा रुमाल, नजर तिखट. डॉक्टरांचे वडील. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं.

"कुनाकडं आलाय म्हनायचं?"

"डॉक्टरांकडं. मी पुण्याची मेधा."

"आरं, कागदवाली पोरगी!" आबा उठून बसले. "सुने, पानी आन. आन् खोबऱ्याचं तेल. हाताची काय दशा झालीया बघ हिच्या."

सुनीतावहिनी शाळेत शिकवायच्या, शनिवारची सकाळची शाळा करून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातांना तेल चोळलं. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुमची पाकिटं मी उघडते बरं का आधी. हे घरी येईस्तोवर दम निघत न्हाय."

डॉक्टर आले आणि आम्ही जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी आणि मेथीचा घोळाणा. पुण्याला आमच्याकडं पाहुण्याला आधी वाढतात आणि आई मागून, उरलंसुरलं बघून जेवते. मी वहिनींसाठी थांबले तर त्या माझ्याशेजारीच येऊन बसल्या. आबांना माझा घोटाळा कळला.

"छप्पन साली आमी धम्म घेतला. तवापासनं या घरात बाईमानूस मागनं जेवत न्हाय," ते म्हणाले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली फुलं. "माझी म्हातारी पयल्या दिवशी पंक्तीला बसली, तर लाजंनं तिला घासच गिळंना. मग सवय झाली. मग आम्हालाच वाढाय लावायची."

असल्या घरात खोटं बोलणं कठीण असतं. हात धुतले आणि मी सांगून टाकलं. लपवलेले शब्द, भरमसाट अर्ज, पान काढून टाकल्याचं उत्तर, माझी दोन महिन्यांची चुप्पी. काहीच राखून ठेवलं नाही.

मग आबांनी विचारलं, "म्हंजी कसं? मला जरा समजंल असं सांगा." मी पुन्हा सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "बाजारात गाय इकाय आनत्यात तवा आदल्या दिसापास्नं धार काढत न्हाईत. कास टम्म दिसती. पर जानता गिऱ्हाईक कास बगून भुलत न्हाय. सड दाबून बगतो, आन् एकदा फसला तर त्या मानसाच्या दावनीकडं पुन्ना फिरकत न्हाय. तुमचं ते इंजन जानतं गिऱ्हाईक निगालं म्हनायचं."

मला हसू आलं आणि रडूही. पण डॉक्टर हसले नव्हते.

"मेधाताई, एक सांगा. आकडा पळत होता तेव्हा त्यातली किती माणसं जुवासाठी आली?"

हा प्रश्न मी इतके दिवस स्वतःला विचारला नव्हता. "माहीत नाही, डॉक्टर. बहुतेक थोडीच. बाकीची सिनेमा शोधत आली असतील आणि बैल बघून गेली असतील."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्यात कुणीतरी म्हैस अडल्याचा निरोप घेऊन आलं. ते मोटारसायकल काढून निघून गेले. मी पिशवी उचलली तर वहिनींनी ती माझ्या हातातून काढून आत नेऊन ठेवली.

"राग आला तर हे बोलत न्हाईत, आन् वाईट वाटलं तरी बोलत न्हाईत. कुठलं हाय ते सकाळी कळंल. ऱ्हावा."

दुसरा दिवस : पळसदेव

सकाळी डॉक्टर चहाचा कप माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "पळसदेवला जायचंय. सुनीताचं माहेर. वासरांना लस द्यायची आहे. येताय?" एवढंच बोलले.

वडापच्या जीपमध्ये आम्ही तिघं आणि आणखी अकराजण होतो. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती. इंदापूरच्या बाजूनं गेलो तसतशी हवा बदलली. उसातून अचानक पाणी दिसायला लागलं. उजनी धरणाचं पाणी ते. नदी म्हणावी तर पलीकडचा काठ धूसर, तळं म्हणावं तर त्याला अंत नाही. उन्हाळा लागल्यानं पाणी मागं सरलं होतं आणि त्यातून बुडालेल्या जुन्या गावातल्या देवळाचं शिखर वर आलं होतं, काळंभोर, त्यावर बगळ्यांची रांग.

वहिनींचे वडील तात्या. त्यांची थोडी बागायत आहे आणि एक होडीही. त्यांनी मला होडीत बसवून देवळापर्यंत नेलं. एके ठिकाणी वल्हं थांबवून ते खाली पाण्याकडं बोट दाखवत म्हणाले, "हितं आमचं खळं हुतं. सुनीता हितं पडून तिचा दात पडला." मी वाकून बघितलं. हिरवं पाणी आणि माझाच चेहरा. तात्यांना मात्र खळं दिसत असावं, कारण वल्हं पुन्हा मारताना त्यांनी होडी जराशी वळवून बाजूनं नेली.

जेवायला चिलापीचं कालवण होतं, लालभडक. काटे काढायची सवय नसल्यानं माझ्या घशात एक अडकला. वहिनींच्या आईनं कोरड्या भाकरीचा मोठा घास माझ्या तोंडात कोंबला, पाठीत दणका दिला आणि म्हणाली, "गीळ!" मी गिळला. काटा गेला. पुण्यात याच गोष्टीला आम्ही दवाखाना गाठला असता.

लस देऊन झाल्यावर डॉक्टर काठावरच्या दगडावर बसले. मला शेजारी बसायला सांगितलं.

"काल राग आला नव्हता," ते म्हणाले. "शरम वाटली. माळेगावला एक भानुदास आहे, बीडकडचा, टोळीबरोबर ऊसतोडीला येतो. त्याच्या बैलांना आम्ही गादी लावली होती. खांदे बरे झाले होते, मी माझ्या हातांनी बघितले होते. मग आकडा थांबला आणि माझ्या मनानं घेतलं, की जगात कुणी वापरत नाही म्हणजे आपलंच चुकतंय. मी भानुदासला गादी काढायला सांगितली. पंधरा दिवसांत एका बैलाचा खांदा परत फुटला."

ते माझ्याकडं वळले.

"तुम्ही शब्द लपवलेत ते चूकच. पण बैलाचा खांदा समोर असताना मी आकड्याला विचारत बसलो. ते कुणाचं?"

त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. मीच छापून पाठवलेली पत्रं. सात होती. घड्या इतक्या वेळा उघडलेल्या, की कडा मऊ पडल्या होत्या. इथियोपियातल्या शेतकी शाळेच्या एका मास्तरांनी जुवाची मापं काढून पाठवली होती, ते पत्र सगळ्यात वर.

"ही तरी खरी ना?"

"ही खरी, डॉक्टर. या माणसांना खरंच जू हवं होतं."

"मग सात माणसं आहेत. पुष्कळ झाली. उद्या माळेगावला जाऊ."

पाण्यावर ऊन तिरपं झालं होतं. कधी नव्हे ती मला भूक लागली. तात्यांच्या घरी परत जाऊन मी उरलेलं कालवण मागून खाल्लं, काटे जपून.

तिसरा दिवस : माळेगाव आणि बारामती

कारखान्याच्या अलीकडं अर्ध्या मैलापासून गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टर वेगळे, बैलगाड्या वेगळ्या. हवेत मळीचा वास होता, आधी गोड वाटणारा आणि पाच मिनिटांनी डोक्यात बसणारा. रांगेत जुवं उतरवलेले बैल उसाचं हिरवं वाढं खात उभे होते. मी या जनावरांविषयी शेकडो वेळा एकच शब्द टाइप केला होता. इतक्या जवळून बैल मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

भानुदासचा बैल तांबूस होता. त्याच्या खांद्यावर तळहाताएवढी जखम, कडेनं ओली. डॉक्टर ती धुवायला लागले तेव्हा बैलाची कातडी थरथरत होती, पण तो हलला नाही. मी पानाची छापील प्रत हातात धरून मापं पडताळत होते. त्याच बैलानं मान लांब केली आणि कागदाचा खालचा अर्धा भाग ओढून शांतपणे चावून खाल्ला.

"खाऊ द्या," भानुदास म्हणाला. "त्याच्यावरच लिवलंय न्हवं?"

भानुदासची बायको काशीबाई गाडीवर मोळ्या नीट लावत होती. ती वरूनच ओरडली, "डाक्टर, गादी लावायची का परत? मी ठिवलीया जपून."

तिनं गाडीच्या मागून गादी काढली. ती चित्रातली गादी नव्हती. डॉक्टर बघतच राहिले. चित्रात आत काथ्या होता, हिच्यात गोधडीची फडकी घट्ट टाचलेली. चित्रात पट्टा पुढून होता, हिनं तो मागून घेतला होता.

"हे कधी केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळी झाल्या झाल्या. तुमची गादी चढाला मागं सरकायची. बैल मान वाकडी करायचा. मग मी पट्टा फिरिवला."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाय." ती खाली उतरली आणि पदरानं तोंड पुसलं. "तुमी बैलाला बगून जायचा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. डॉक्टरांनी मात्र लगेच वही काढली आणि तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मी कॅमेऱ्यातला रोल संपवला. गादी, पट्टा, टाके, तिचे हात. निघताना तिनं मला उसाची कांडी सोलून दिली आणि कोयत्यानं इतके सारखे तुकडे केले, की तसे मला घरी सुरीनंही जमत नाहीत.

दुपारी आम्ही बारामतीच्या स्टँडजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. डॉक्टर आकडा बघायला इथंच यायचे. मी पान उघडलं आणि आधी एक काम केलं. सायीच्या रंगाची सगळी अक्षरं काळी केली. पडदा एकदम किड्यामुंग्यांनी भरल्यासारखा झाला. डॉक्टर वाकून वाचत राहिले.

"हा नट कशाला इथं?"

"त्याला शोधत लोक यायचे म्हणून."

"आणि बैल बघून परत जायचे," ते म्हणाले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले. "बिचारे."

ती अक्षरं मी त्यांच्यादेखत खोडली. पान एकदम लहान झालं. मग त्यात काशीबाईचा पट्टा घातला, तिनं सांगितलं तसा, तिच्या नावानं. गादी काढल्यावर खांदा परत फुटला हेही डॉक्टरांनी लिहायला लावलं. शेवटी सर्च इंजिनचा अर्ज भरला.

"आता रोज भरायचा का?"

"नाही. एकदाच. मग वाट बघायची."

"पिकासारखंच की," म्हणून ते उठले.

संध्याकाळच्या गाडीला सगळे सोडायला आले होते, आबासुद्धा. वहिनींनी भाकरी-ठेचा बांधून दिला. मी आबांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून सरळ उभं केलं आणि हात जोडले. मीही जोडले.

त्यानंतर

पुण्याला येऊन मी फोटो धुऊन आणले, स्कॅन केले, पानावर चढवले. आणखी चार गिऱ्हाइकांच्या पानांवर मी हीच युक्ती केली होती. त्या चौघांनाही फोन करून सांगितलं आणि ते शब्द काढले. एकानं काम काढून घेतलं. तिघं राहिले.

पाच आठवडे काही झालं नाही. मी रोज सकाळी बघायची आणि पान नसायचं. एप्रिलच्या मध्याला एके सकाळी ते यादीत होतं, बरंच खाली, तिसऱ्या पानावर. आकडा हळूहळू चालायला लागला. दिवसाला एक, दिवसाला दोन. पूर्वीच्या मानानं काहीच नाही. पण आता येणारा माणूस जू शोधत येत होता, आणि येणाऱ्यांतले बरेच जण लिहीत होते.

फिलिपिन्समधल्या एका बाईचं पत्र आलं. ती भातशेतीत रेडा जुंपते, एकटी. तिनं डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. तिचा प्रश्न काशीबाईला होता. पट्टा मागून घेतला की घामानं ओला होतो आणि कातडी सोलते, तेव्हा काशीबाई काय करते?

कारखान्याचं उसाचं गाळप संपत आलं होतं, टोळी चार दिवसांत बीडकडं निघणार होती. टपालावर विसंबून चालणार नव्हतं. मी पिंपळीच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. डॉक्टरांनी परत फोन केला, प्रश्न उतरवून घेतला आणि माळेगावला काशीबाईच्या पाचटाच्या कोपीवर जाऊन वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "लिहून घ्या. तिचे शब्द आहेत, बदलू नका." तांबूस बैलाच्या खांद्यानं खपली धरली होती हे त्यांनी मधेच सांगून टाकलं.

काशीबाईचं उत्तर असं होतं. "त्यान्ला सांगा, पट्टं दोन ठिवायचं. एक घालायचा, एक वाळत टाकायचा. आन् दुपारच्याला रेड्याला सोडत जा म्हनावं. तुमीबी जरा बसत जा."

शेवटचं वाक्य मला इंग्रजीत बसवता येईना. हुकूम वाटायचं, नाहीतर उपदेश. तीनदा खोडून शेवटी साधं सरळ लिहिलं आणि पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ होती. मी ती मराठी करून डॉक्टरांना फोनवर सांगितली आणि ते टोळीची गाडी निघायच्या आत माळेगावला पोचले.

'रेड्याला सोडलं. मी पण बसले.'